सोरायसिस : उपचार कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला, की माझ्या दवाखान्यात काही ओळखीचे चेहरे पुन्हा दिसू लागतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत लावलेली बटणे, डोक्याला टोपी किंवा रुमाल. बाहेरच्या बाकावर ही मंडळी शक्यतो कडेला बसतात आणि बाकीचे पेशंट संपले की आत येतात. मग हळूच बाही वर सारून कोपर पुढे करतात. लालसर चट्टा आणि त्यावर अभ्रकासारखा चमकणारा पांढरा पापुद्रा. "डॉक्टरसाहेब, परत आलं बघा."

हा सोरायसिस. वाचकांच्या पत्रांतूनही या रोगाविषयी सतत विचारणा होत असते आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. हा लागट आहे का? मुळापासून जातो का? आयुर्वेदात यावर औषध आहे का? आज या प्रश्नांविषयीच लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. नाही. सोरायसिस स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने किंवा नवरा-बायकोच्या सहवासाने लागत नाही, कारण तो जंतूंमुळे होतच नाही. तरीही माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षकाला गेल्या वर्षी न्हाव्याने खुर्चीवरून उठवले. दुसऱ्या एका बाईंना सासूबाईंनी स्वयंपाकघरात येण्यास मनाई केली होती. या वागण्यामागे जुनी भीती आहे. अनेक शतके युरोपातही सोरायसिस आणि महारोग यांची गल्लत होत होती. व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले. आपल्याकडे गोंधळात शब्दाचीही भर पडली. आयुर्वेदात 'कुष्ठ' हा शब्द बहुतेक सगळ्या त्वचारोगांसाठी वापरलेला आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे अशी विभागणी चरकसंहितेत आहे. त्यातल्या 'एककुष्ठा'चे वर्णन माशाच्या खवल्यांची उपमा देऊन केले आहे आणि पुष्कळ वैद्य सोरायसिसचा संबंध त्याच्याशी किंवा 'किटिभा'शी लावतात. वैद्यांनी चिठ्ठीवर 'एककुष्ठ' लिहिले म्हणून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. त्या शब्दाचा महारोगाशी संबंध नाही.

मग हा रोग होतो तरी कशाने? आपली कातडी सतत बदलत असते. आतल्या थरात नवी पेशी तयार होते, वर सरकत येते आणि महिनाभराने आपल्या नकळत गळून पडते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकला जातो. पेशी कच्च्या अवस्थेतच वर येतात, एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांचे पापुद्रे साचतात. ही घाई करायला लावते ती शरीराची प्रतिकारयंत्रणा. जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी विनाकारण कातडीतच आग पेटवून बसतात. म्हणून "रक्त खराब झालंय" हे खरे नव्हे. रक्त शुद्ध करण्याच्या बाटल्या पिऊन ही घाई थांबत नाही.

हा कल जन्मजात असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा रोग असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते. पण अशा शंभर मुलांपैकी पंच्याऐंशी-नव्वद मुलांना तो होत नाही, हेही तितकेच खरे. कल असला तरी ठिणगी बहुधा बाहेरून पडते. लहान मुलांत घसा दुखून ताप येऊन गेल्यावर पंधरवड्याने अंगभर थेंबाथेंबांसारखे पुरळ उठते. मोठ्यांत मानसिक ताण, दारू, सिगारेट, वाढलेले वजन आणि कोरडी थंडी ही कारणे दिसतात. काही औषधांनीही रोग उफाळतो. रक्तदाबासाठीच्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या, लिथियम आणि हिवतापावरचे क्लोरोक्विन ही त्यांतली महत्त्वाची. तेव्हा कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी आपल्या चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. (आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; रक्तदाब सोरायसिसपेक्षा लवकर जीव घेतो.) जिथे जखम होते, खरचटते, तिथे नवा चट्टा उठतो हेही लक्षात ठेवावे. कित्येक जण आंघोळीच्या वेळी वजरीने किंवा दगडाने खवले खरवडून काढतात. त्याने दोन दिवस बरे दिसते आणि तिसऱ्या दिवशी चट्टा मोठा होतो.

निदान डोळ्यांनीच होते, पण फसगतही खूप होते. गजकर्णाचा चट्टा कडेने पसरतो आणि मध्ये निवळतो, खाजही फार असते. सोरायसिसचा चट्टा सगळीकडे सारखाच जाड असतो आणि कोपर, गुडघे, कमरेचा मागचा भाग, डोके या जागा त्याच्या आवडीच्या. तळपायांवर झाला तर शेतकरी त्याला भेगा समजून वर्षानुवर्षे मेण लावत राहतात. नखांकडे जरूर पाहावे. शिंपी बोटात घालतो त्या टोपणावर असतात तसे बारीक खड्डे नखांवर असतील तर संशय पक्का होतो. शंका राहिलीच, तर चट्ट्याचा कीस काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा कातडीचा छोटा तुकडा तपासतात.

आता उपचारांकडे वळण्यापूर्वी माझी एक चूक सांगतो.

प्रॅक्टिस सुरू करून मला तीनच वर्षे झाली होती. एका सकाळी शेजारच्या गावचा एक तरुण त्याच्या मामांसोबत आला. दहा दिवसांवर लग्न आणि दोन्ही हातांवर, पाठीवर सोरायसिसचे चट्टे. मामा म्हणाले, "डॉक्टर, हळदीला उघड्या अंगानं बसायचंय पोराला. काहीतरी जालीम द्या." मी स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले आणि वर आठवडाभराच्या त्याच जातीच्या गोळ्या लिहून दिल्या. लग्नापर्यंत कातडी आरशासारखी झाली. मामांनी पेढे आणून दिले. माझी छाती फुगली. औषध संपल्यावर साधारण तीन आठवड्यांनी तो मुलगा बैलगाडीत आडवा होऊन आला. डोक्यापासून पायापर्यंत कातडी लालभडक, सोललेली, अंगात थंडी वाजून ताप, पायांवर सूज. स्टिरॉइड पोटात किंवा इंजेक्शनने दिले आणि थांबवले, की सोरायसिस असा उलटू शकतो. कातडी अशी सर्वांगाने पेटली, की शरीरातले पाणी, उष्णता आणि प्रथिने बाहेर जातात आणि जीवावर बेतते. त्याला सिव्हिलला पोहोचवायला मीच सोबत गेलो. एकवीस दिवस तो तिथे होता. वाचला. नवी नवरी उशाशी बसून होती आणि मला एका शब्दाने बोलली नाही. त्यानंतर सोरायसिसला ते इंजेक्शन मी कधीही दिले नाही.

हे सांगायचे कारण असे, की आजही हेच होते आहे. "एका इंजेक्शनात साफ" असे कोणी म्हणाले किंवा कागदाच्या पुडीतल्या, नाव नसलेल्या भुकटीने आठ दिवसांत चट्टे गेले, तर त्यात स्टिरॉइड असण्याचा दाट संशय घ्यावा. भूक एकदम वाढणे, चेहरा गोल होणे, साखर चढणे या त्याच्या खुणा आहेत. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. पुडीसकट डॉक्टरकडे जा.

औषधांची सुरुवात अगदी साध्या गोष्टीने होते, ती म्हणजे तेल. कोमट पाण्याने आंघोळ करावी, अंग घासू नये, टिपून घ्यावे आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. दिवसातून दोनदा. हे औषध नव्हे असे समजून लोक सोडून देतात, पण सौम्य रोगात निम्मे काम याने होते आणि मलमांनाही आत शिरायला वाट मिळते. डोक्यातले जाड खवले रात्री तेल लावून मऊ करावेत व सकाळी कोल टारच्या शॅम्पूने धुवावेत.

त्यानंतर मलमे. खवले जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचे, आणि आग शमवायला स्टिरॉइडचे. इथे वाचक विचारतील, आत्ताच तर स्टिरॉइडला नावे ठेवलीत! पोटातले स्टिरॉइड आणि चट्ट्यापुरते मलम यांत फरक आहे. मलम योग्य माणसाने, योग्य जागी, ठरावीक दिवस वापरायचे असते. माप सांगतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली तर ते अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तीव्र मलम दोन ते चार आठवड्यांच्या वर सलग लावू नये. चेहरा, काख, जांघा यांना तर लावूच नये. कातडी कागदासारखी पातळ होते. ही मलमे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. नियम पाळला जात असता तर माझे निम्मे गजकर्णाचे पेशंट कमी झाले असते, पण तो विषय पुन्हा केव्हातरी. स्टिरॉइडच्या जोडीला किंवा त्याच्या जागी जीवनसत्त्व डच्या जातीचे कॅल्सिपोट्रिऑल मलम देता येते. ते सावकाश काम करते, पण कातडी पातळ करत नाही.

डिथ्रानॉल नावाचे एक जुने मलम आहे. हल्ली फारसे वापरत नाहीत, कारण कपड्यांना आणि कातडीला तपकिरी डाग पडतात. पण त्याची हकिकत मला आवडते. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडात मिळणारी पिवळी भुकटी पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात येत असे आणि गजकर्णावर लावली जाई. म्हणून तिचे नावच 'गोवा पावडर' पडले. १८७० च्या दशकात लंडनच्या एका डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ती सोरायसिसवरही चालते. पुढे पहिल्या महायुद्धात तिचा तुटवडा झाला, तेव्हा जर्मनीत १९१६ साली तिच्यासारखे कृत्रिम औषध तयार करण्यात आले. तेच डिथ्रानॉल.

दुसरी हकिकत बावचीची. बावचीचे बी पांढऱ्या कोडावर लावून उन्हात बसायचे, हा आपला फार जुना उपचार आहे. बावचीत सोरालेन हे द्रव्य असते; त्याचे नावही बावचीच्या शास्त्रीय नावावरूनच आले आहे. सोरालेन-जातीचे औषध पोटात देऊन त्यावर अतिनील किरण सोडायचे, ही सोरायसिसची उपचारपद्धत बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७४ साली प्रसिद्ध केली आणि ती जगभर गेली. आता बहुतेक ठिकाणी औषधाशिवाय केवळ ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण देतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-तीन महिने. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत असे यंत्र बहुधा असते. गरोदर बाईलाही हे किरण देता येतात. अडचण एकच, एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी. ज्यांना जाणे जमत नाही त्यांना मी सकाळी दहाच्या सुमाराचे ऊन चट्ट्यांवर घ्यायला सांगतो. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात, लालसरपणा आला तर थांबायचे. काही थोड्या लोकांचा रोग उन्हाने वाढतो, त्यांनी हा नाद सोडावा. आणि घरच्या घरी बावची मात्र लावू नये, खाऊ तर नयेच. उन्हात भाजल्यासारखे फोड येतात आणि पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

रोग अंगावर फार पसरला, तळहात-तळपायांमुळे काम करता येईना किंवा सांधे धरले, तर पोटातली औषधे लागतात. त्यांत सगळ्यांत जुने, स्वस्त आणि गुणी औषध मेथोट्रेक्सेट. १९५० च्या दशकापासून ते सोरायसिसला देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. हे वाक्य मी पेशंटकडून तीन वेळा म्हणून घेतो, त्यामागेही एक प्रसंग आहे. एका काकांना तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट दर रविवारी आणि फॉलिक ॲसिड इतर दिवशी लिहून दिले होते. दोन्ही गोळ्या लहान, पिवळ्या. काकांना डोळ्याने कमी दिसे आणि घरात वाचणारे कोणी नव्हते. त्यांनी उलट केले. रोज मेथोट्रेक्सेट आणि रविवारी फॉलिक ॲसिड. नवव्या दिवशी ते माझ्याकडे आले ते तोंड आले म्हणून. ओठ, जीभ, गाल, सगळीकडे जखमा, पाणीही गिळवेना, अंगात ताप. मी गोळ्यांची पट्टी मागितली आणि पट्टी पाहून माझ्या पोटात गोळा आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरल्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने मिळाली, पंधरा दिवस रुग्णालयात काढले आणि काका घरी आले. सगळेच येत नाहीत.

म्हणून मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी वार ठरवून घ्यावा, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावा आणि ती पट्टी वेगळ्या डबीत ठेवावी. एखादा वार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. तोंड आले, ताप आला, दम लागू लागला की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दारू पूर्ण बंद. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला वरचेवर, नंतर दोन-तीन महिन्यांनी. मूल हवे असेल तर बाईने हे औषध घ्यायचे नाही, आणि पुरुषानेही आधी डॉक्टरांशी बोलावे. ॲसिट्रेटिन नावाच्या दुसऱ्या औषधाबाबत हा नियम आणखी कडक आहे. ते बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भ राहता कामा नये, म्हणून मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना शक्यतो देतच नाहीत. रोग एकदम भडकला तर सायक्लोस्पोरिन लवकर गुण देते. रक्तदाब आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवून ते थोड्या काळापुरते वापरतात. ॲप्रेमिलास्टच्या गोळ्या आता आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात. त्यांना तपासण्या कमी लागतात, पण गुण मध्यम आणि सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात.

गेल्या वीस वर्षांतली मोठी भर म्हणजे बायॉलॉजिक इंजेक्शने. आग पेटवणारे नेमके रसायन पकडून ती निकामी करतात. ॲडॅलिम्युमॅब, सेक्युकिनुमॅब ही त्यांतली काही नावे. वर्षानुवर्षे झाकून राहिलेल्या माणसांची कातडी याने स्वच्छ होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. भारतीय बनावटीमुळे काहींची किंमत उतरली असली तरी शेतमजुराच्या आवाक्यात ती नाहीत. त्याआधी क्षयाची तपासणी करून घ्यावीच लागते, कारण दबून बसलेला क्षय या औषधांनी जागा होऊ शकतो.

आणि आयुर्वेद? मी ॲलोपॅथीचा माणूस, पण शेजारच्या वैद्यांकडे पेशंट पाठवतो आणि तेही माझ्याकडे पाठवतात. कडुनिंब, करंज तेल, पंचतिक्त घृत, वमन-विरेचन यांनी काही पेशंटना सहा-आठ महिने आराम पडलेला मी पाहिला आहे. दक्षिणेकडे सिद्ध वैद्यकात काळ्या कुड्याची पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात. तेल जांभळे होते आणि ते सोरायसिसवर लावतात. चीनमध्ये निळीच्या झाडापासून केलेले मलम वापरतात आणि त्याचे तैवानमध्ये पद्धतशीर प्रयोग होऊन चांगला गुण दिसला आहे. आपल्या औषधांचे असे मोठे, काटेकोर प्रयोग फार थोडे झाले. त्यामुळे "चालत नाही" असे मी म्हणत नाही आणि "मुळापासून जातो" हे मान्यही करत नाही. या रोगात आपोआप चढउतार होत असतात. थंडीत सुरू केलेल्या कोणत्याही औषधाला उन्हाळ्यात यश येते!

माझी अट एवढीच. वैद्य पदवीधर असावा, औषधावर नाव आणि बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक असावा, आणि दोन्हीकडची औषधे दोघांनाही सांगावीत. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृताला भार होईल असे काही वैद्यांनी नकळत देऊ नये म्हणून हे गरजेचे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. ॲलोपॅथीनेही नाक वर करू नये; आमच्याच पूर्वसूरींनी सोरायसिसला आर्सेनिकचे पाणी पाजले आणि त्यातून पुढे कातडीचे कर्करोग झाले.

पथ्याबद्दल थोडक्यात. वांगे, दही, आंबट, मीठ असे एकेक सोडत पेशंट हडकतो आणि रोग जागच्या जागी राहतो. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने खरोखर फरक पडतो आणि औषधेही कमी लागतात. दारू-तंबाखू सोडावी. एवढे पथ्य पुरे.

सांध्यांकडे दुर्लक्ष नको. सोरायसिसच्या काही रुग्णांत, तज्ज्ञांच्या दवाखान्यात येणाऱ्यांत तर तिघांतल्या एकापर्यंत, सांधे धरतात. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक बोटे आखडणे, एखादे बोट सबंध सुजणे, टाच दुखणे ही सुरुवात असते. वेळेत औषध मिळाले नाही तर बोटे वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचेही प्रमाण या रुग्णांत जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा त्या तपासण्या कराव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ साली सोरायसिसला गंभीर आजार म्हणून मान्यता देणारा ठराव केला, तो उगाच नाही.

शेवटी एका भगिनीच्या पत्राचे उत्तर. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत आहे, तिला गुडघ्यांवर सोरायसिस आहे, मुलाकडच्यांना सांगावे का, असे त्या विचारतात. ताई, सांगावे, आणि साखरपुड्याआधी सांगावे. गरज वाटल्यास दोन्ही कुटुंबांना घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जा. हा रोग लागट नाही, मुले होण्यात त्याने अडचण येत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकले की शंका फिटतात. लग्नाआधी चट्टे घालवण्यासाठी मात्र कोणाकडून इंजेक्शन घेऊ नका. मी वर ज्या नवरदेवाची गोष्ट सांगितली, त्याचे गुडघे आजही पांढरे आहेत. तो खोबरेल तेल लावतो, थंडीत चार आठवडे मलम घेतो आणि गेल्या वैशाखात त्याच्या मुलीच्या हळदीला अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर बसला होता.